पेढीवरचे साधक : श्रीमद् राजचंद्र

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी व्यापार आणि धर्म या विषयावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी पडलो कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम.पर्यंत. तत्त्वचर्चा करण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून ज्यांनी हा विषय स्वतःच्या पेढीवर बसून जगून दाखविला, त्या श्रीमद् राजचंद्रांचे चरित्र एका व्यापाऱ्याच्या नजरेने मांडण्याचे मी ठरविले.

सौराष्ट्रातील मोरबीजवळच्या ववाणिया या लहानशा बंदरगावी विक्रम संवत १९२४ च्या कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे नोव्हेंबर १८६७ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील रवजीभाई यांच्या घराण्यात कृष्णभक्ती होती, तर मातोश्री देवबा जैन संस्कारांत वाढलेल्या. दोन्ही परंपरा बालपणीच त्यांच्या कानांवर पडल्या. पुढे प्रतिक्रमणाची सूत्रे वाचनात आली आणि त्यांतील सर्व जीवांशी मैत्रीची याचना त्यांच्या मनाला विशेष भावली. सातव्या वर्षी गावातील एका परिचित गृहस्थांची चिता त्यांनी पाहिली आणि त्या दर्शनाने त्यांना जातिस्मरण झाले, हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी व्याख्यानांतून ऐकलेला आहे.

मला मात्र त्यांच्या बालपणातील दुसरीच एक गोष्ट अधिक जवळची वाटते. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास ते वडिलांच्या दुकानात बसू लागले. त्या दिवसांविषयी पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की, दुकानात बसून आपण कोणाला कमी-अधिक भाव सांगितला नाही आणि कोणाला कमी-अधिक तोलूनही दिले नाही. एवढ्या मोठ्या ज्ञानी पुरुषाला स्वतःच्या बालपणाबद्दल नोंदवावेसे वाटले, त्यात तराजूही होता.

याच वयात त्यांची अलौकिक स्मरणशक्ती प्रकट झाली. सोळाव्या वर्षी त्यांनी १०८ पाठांची ‘मोक्षमाळा’ अवघ्या तीन दिवसांत लिहिली. विशीच्या आत मुंबईत शतावधानाचे, म्हणजे शंभर गोष्टींकडे एकाच वेळी अवधान ठेवण्याचे जाहीर प्रयोग केले. वृत्तपत्रांतून स्तुती झाली, युरोपात जाण्याच्या सूचना आल्या. कीर्ती आणि द्रव्य दोन्ही हात जोडून उभी असताना, हे आत्महिताचे नाही असे जाणून त्यांनी ते प्रयोग बंद केले. जाहिरातीच्या आजच्या युगात या निर्णयाचे मोल आपल्याला अधिक कळावे.

१८८८ मध्ये झबकबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर थोड्याच काळाने मुंबईत झबकबाईंचे काका रेवाशंकर जगजीवन यांच्या भागीदारीत त्यांनी जवाहिराचा व्यापार सुरू केला. हिरे-मोत्यांची त्यांची पारख विलक्षण होती. उलाढाल लाखांत होती. तीही एकोणिसाव्या शतकातील लाखांत.

या पेढीवरचे त्यांचे वर्णन आपल्याला गांधीजींमुळे मिळते. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतलेल्या मोहनदास गांधींची त्यांच्याशी पहिली भेट झाली, ती रेवाशंकरभाईंचे बंधू डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी. गांधींनी परकीय भाषांतील शब्दांची एक लांबलचक यादी वाचून दाखविली आणि रायचंदभाईंनी ती त्याच क्रमाने म्हणून दाखविली. पण गांधीजींवर खरा प्रभाव पडला तो या चमत्काराचा नव्हे. हिशेबाच्या वह्यांशेजारी एखादा धर्मग्रंथ व रोजनिशी ठेवलेली असे. लाखांचा सौदा आटोपला की लगेच ग्रंथ उघडला जाई किंवा रोजनिशीत आत्मचिंतन लिहिले जाई. पुन्हा ग्राहक आला की तेच डोळे हिऱ्यातील दोष शोधीत. गांधीजींनी त्यांना गुरू मानले नाही, परंतु आध्यात्मिक शंकांच्या वेळी त्यांचाच आश्रय घेतला. दक्षिण आफ्रिकेतून त्यांनी पाठविलेले सत्तावीस प्रश्न आणि श्रीमदांची उत्तरे प्रसिद्धच आहेत.

व्यापारातील दोन प्रसंग परंपरेने सांगितले जातात. एका अरब व्यापाऱ्याच्या धाकट्या भावाने थोरल्याला न विचारता मोत्यांचा माल श्रीमदांना विकला. थोरला संतापला, तेव्हा धाकटा घाबरून परत आला. सौदा पुरा झालेला, माल हाती आलेला आणि नफा मोठा. श्रीमदांनी मोत्यांचे पुडके जसेच्या तसे परत दिले आणि आपली रक्कम घेतली.

दुसरा प्रसंग हिऱ्यांच्या वायद्याचा. ठरलेल्या भावाने ठरलेल्या मुदतीत हिरे देण्याचा लेखी करार एका व्यापाऱ्याने त्यांच्याशी केला होता. मुदतीपूर्वीच भाव चढले. करार पाळला असता तर त्या व्यापाऱ्याचे घरदार विकले गेले असते. श्रीमद् स्वतः त्याच्या पेढीवर गेले. वसुलीसाठी आले असे वाटून तो विनवण्या करू लागला. श्रीमदांनी, दोघांच्याही चिंतेचे मूळ हा कागदच आहे असे सांगून, तो हाती घेतला आणि फाडून टाकला.

हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आलो. तो मला खऱ्या अर्थाने कळला २०१० नंतर. त्या हंगामात कापसाचे आणि पाठोपाठ सुताचे भाव कसे भडकले होते, हे आपल्यातील कापडवाल्यांना आठवत असेल. भाव चढण्यापूर्वी मी एका यंत्रमागधारकाशी कोऱ्या कापडाचा सौदा केला होता. तो पेढीवर आला, बराच वेळ बसला आणि मीटरमागे दोन रुपये वाढवून मागितले. मी सौदाचिठ्ठी पुढे केली. त्याने वाद घातला नाही. शेवटच्या ताग्यापर्यंत माल जुन्या भावाने पोचता केला. पुढच्या वर्षी त्याने माग विकल्याचे कानावर आले. मी कायद्याने चुकलो नव्हतो, आणि त्या वर्षी आमचा ताळेबंदही उत्तम होता. पर्युषणात महाराजसाहेबांनी हिऱ्यांचा हा प्रसंग सांगितला, तेव्हा मी पुढच्या रांगेत बसलो होतो. मला वर पाहवेना.

आमचे चिरंजीव एम.बी.ए. आहेत. त्यांचा प्रश्न रास्त आहे: भाव चढला की करार फाडायचा, तर बाजार चालायचा कसा? यावर मी पुष्कळ विचार केला. श्रीमदांनी करार निरर्थक मानला नव्हता. सौदे लेखी असत, पारख कठोर असे आणि दिलेला शब्द ते स्वतः पाळीत. समोरचा माणूस त्या कागदाखाली चिरडला जाणार हे दिसले, तेव्हा त्यांनी स्वतःचा हक्क सोडला. हक्क सोडणे हे हक्कदाराच्याच हाती असते. बाजाराचा नियम त्याने मोडत नाही. पेढी भागीदारीची असल्याने सोडलेला नफा एकट्याचा नसतो, हेही व्यापाऱ्यांना सांगायला नको. तरीही श्रीमद् निवृत्त होईपर्यंत रेवाशंकरभाईंची साथ सुटली नाही. कॉलेजात आम्हाला गुडविल ही ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला लिहायची रक्कम म्हणून शिकविली होती. ती कशी मिळवायची, हे मात्र त्या पुस्तकांत नव्हते.

आपल्या आचार्यांनी ते फार पूर्वी लिहून ठेवले आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत: चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे, मापात लबाडी करणे आणि अस्सलात नक्कल मिसळणे. कापडाच्या धंद्यात याचा अर्थ उघड आहे. ताग्यात मीटर कमी भरणे, मिश्र सुताचे कापड शुद्ध सुती म्हणून विकणे आणि बिलाशिवाय माल काढणे. देवळात तांदळाचा स्वस्तिक काढणारे हात पेढीवर काय करतात, हेच ही व्रते विचारतात.

तथापि श्रीमदांना व्यापार सुखाचा होता असे समजू नये. सायल्याच्या सौभागभाईंना लिहिलेल्या पत्रांत ते व्यापाराचा उल्लेख वारंवार उपाधी म्हणून करतात. मन क्षणभरही त्यात रमत नव्हते. पण इतरांची गुंतलेली कामे अर्धवट टाकणे त्यांना योग्य वाटले नाही. दरवर्षी काही काळ ते चरोतर, खंभात, ईडर या भागांत एकांतात जात आणि परत येऊन पेढी सांभाळीत. अशाच एका निवृत्तिकाळात, १८९६ मध्ये नडियाद येथे सौभागभाईंच्या विनंतीवरून त्यांनी १४२ गाथांचे ‘आत्मसिद्धी शास्त्र’ एका बैठकीत, दोन तासांच्या आत रचले. लिहिताना अंबालालभाई कंदील धरून उभे होते.

पुढे त्यांनी व्यापारातून पूर्ण निवृत्ती घेतली. १९०० मध्ये त्यांच्या प्रेरणेने मुंबईत परमश्रुत प्रभावक मंडळाची स्थापना झाली. दिगंबर आणि श्वेतांबर, दोन्ही आम्नायांचे ग्रंथ तेथून प्रसिद्ध झाले. आपल्या गावात अजूनही काही बैठकांत वेगळी आसने मांडली जातात, म्हणून याचा मुद्दाम उल्लेख करतो. तोवर त्यांचे शरीर पार झिजले होते. त्या काळातील त्यांचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. ९ एप्रिल १९०१ रोजी, चैत्र वद्य पंचमीस, राजकोट येथे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी देह सोडला.

मंडळाचे व्यवस्थापन पुढे रेवाशंकरभाईंनी सांभाळले. मुंबईतील लॅबर्नम रोडवरचे त्यांचे घर १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचे मुंबईतील निवासस्थान होते. मणिभवन या नावाने ते आज आपण सर्व जण ओळखतो. मुंबईस खरेदीला गेलो की सवड काढून मी तेथे जातो.