सत्यनिष्ठ यान हुस

धर्मासाठी प्राण देणारे जगात पुष्कळ झाले. पण एक शब्द उच्चारला असता तर जीव वाचला असता, आणि तेवढा शब्द उच्चारायचे ज्यांनी नाकारले, अशी माणसे थोडी. आज ज्याला चेक प्रजासत्ताक म्हणतात, त्या देशातील बोहेमिया प्रांताचा यान हुस हा त्या थोड्यांपैकी एक होय.

हुसचा जन्म १३७० च्या सुमारास दक्षिण बोहेमियातील हुसिनेत्स या खेड्यात एका गरीब कुटुंबात झाला. गावाच्या नावावरूनच त्याला हुस म्हणू लागले. शिकण्यासाठी तो प्रागच्या विद्यापीठात आला, पण पोटाची आबाळ कायमच होती. वाटाणे खाण्यासाठी तो पावाचाच चमचा करी आणि वाटाणे संपले की तो चमचाही खाऊन टाकी, ही आठवण त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. धर्मोपदेशक झालो की चांगले कपडे मिळतील, लोक मान देतील, या आशेने आपण या मार्गाला लागलो, हेही त्याने प्रांजळपणे सांगितले आहे. ज्यांच्या घरात आपल्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, अशा आपल्यासारख्या मुलामुलींना ही आशा परकी वाटणार नाही.

१३९६ मध्ये त्याने मास्टर ही पदवी मिळविली. १४०० मध्ये तो धर्मगुरू झाला आणि १४०२ मध्ये प्रागच्या बेथलेहेम प्रार्थनामंदिरात प्रवचनकार म्हणून त्याची नेमणूक झाली. इथून त्याच्या आयुष्याला वळण लागले. त्या काळी चर्चची उपासना लॅटिनमध्ये चाले. सामान्य माणसाला त्यातले काय कळणार? हे मंदिर मात्र चेक भाषेतील प्रवचनांसाठीच १३९१ मध्ये स्थापन झाले होते. सुमारे तीन हजार माणसे मावतील एवढ्या त्या वास्तूत कारागीर, व्यापारी, विद्यार्थी, स्त्रिया यांची दाटी होई. खुद्द राणी सोफियाही त्याचे प्रवचन ऐकायला येत असे.

हुस काय सांगत होता? धर्मपदे पैशाने विकली जातात, धर्मगुरू ऐषारामात राहतात, हे येशूच्या शिकवणुकीला धरून नाही, असे तो सांगे. इंग्लंडमधील विचारवंत विक्लिफ याच्या ग्रंथांचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता. चर्चचा खरा प्रमुख येशू ख्रिस्त आहे, आणि पोपची आज्ञा बायबलच्या विरुद्ध असेल तर ती पाळण्याचे बंधन नाही, हे त्याच्या विचाराचे सार होते. १४०९ नंतर तर तीन जण एकाच वेळी पोप म्हणवून घेत होते. मग आज्ञा कोणाची मानायची, हा प्रश्न लोकांनाही पडला होता.

१४१२ मध्ये त्यांपैकी एक, तेविसावा जॉन, याने आपल्या शत्रूविरुद्धच्या युद्धासाठी पैसा उभारण्याकरिता क्षमापत्रांची विक्री सुरू केली. हुसने तिला कडाडून विरोध केला. या विक्रीचा निषेध केल्याबद्दल प्रागमध्ये तीन तरुणांचा शिरच्छेद झाला. या प्रकरणात हुस राजाच्या मर्जीतूनही उतरला. त्याच्यावर बहिष्कार पडला आणि तो शहरात असेपर्यंत तेथील धर्मविधी बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. आपल्यामुळे लोकांची अडचण नको म्हणून त्याने प्राग सोडले. पुढील दोन वर्षे तो खेड्यापाड्यांत, उघड्या माळावर प्रवचने देत राहिला आणि चेक भाषेत ग्रंथ लिहीत राहिला.

१४१४ मध्ये कॉन्स्टन्स येथे मोठी धर्मसभा भरली. राजा सिगिस्मुंड याने अभय दिल्यावरून हुस तिथे गेला. ३ नोव्हेंबरला तो पोहोचला आणि २८ नोव्हेंबरला त्याला कैद झाली. पाखंड्याला दिलेले वचन पाळायचे कशाला, असा युक्तिवाद पुढे आला! अंधारकोठडीत तो आजारी पडला. ज्या तेविसाव्या जॉनच्या क्षमापत्रांना त्याने विरोध केला होता, त्याला याच सभेने मे १४१५ मध्ये पदच्युत केले. तरीही हुसची सुटका झाली नाही.

जूनमध्ये सुनावणी झाली. तो बोलू लागला की आरडाओरडा होई. मते मागे घे, एवढीच सभेची मागणी होती. पण त्याच्या नावावर घातलेली काही मते त्याने कधी मांडलीच नव्हती. जे मानलेच नाही ते सोडतो म्हणणे म्हणजे देवासमोर खोटे बोलणे, असे त्याचे म्हणणे होते. उरलेल्या मतांत चूक असेल तर ती बायबलच्या आधारे दाखवावी, आपण ती लगेच सोडू, असेही तो सांगत राहिला. सभेला वाद नको होता, शरणागती हवी होती.

६ जुलै १४१५ रोजी त्याची धर्मवस्त्रे उतरवली गेली. सैतानांची चित्रे काढलेली कागदी टोपी त्याच्या डोक्यावर घातली गेली. खांबाला बांधल्यावरही माघारीची शेवटची संधी देण्यात आली. त्याने नकार दिला आणि ज्वाळांत तो प्रार्थना गात गेला. लोकांनी राख पुजू नये म्हणून ती ऱ्हाईन नदीत टाकण्यात आली.

राख वाहून गेली, विचार गेला नाही. बोहेमिया आणि मोराव्हियाच्या ४५२ सरदारांनी निषेधपत्रावर आपल्या मुद्रा उमटवल्या. त्याचा मित्र जेरोम याने भीतीपोटी आधी माघार घेतली होती; ती परत घेऊन १४१६ मध्ये तोही त्याच गावी जळून मेला. पुढे हुसच्या अनुयायांवर पाच धर्मयुद्धे लादली गेली, पण ते हटले नाहीत. शंभर वर्षांनी मार्टिन ल्यूथरने हुसची बाजू उचलून धरली. १९९९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याच्या क्रूर मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला. आज ६ जुलै हा चेक प्रजासत्ताकात राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे.

पावाचा चमचा खाणारा हा मुलगा पोटासाठी शिकू लागला. पोटासाठी शिकण्यात कमीपणा काहीच नाही. पण त्याच शिक्षणाने त्याला असे बळ दिले, की साऱ्या युरोपातील विद्वान एका बाजूला असतानाही त्याला खोटे बोलता आले नाही. पदवी हाती घेताना आपण प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे, की असे बळ आपल्याही पदरात पडले आहे काय?