विश्लेषण : ‘जावा’तला ‘जा’ कोणाचा? शाहूपुरीत आजही उघडल्या जाणाऱ्या इंजिनामागचा माणूस

कोल्हापूरच्या शाहूपुरीत किंवा तिला लागून असलेल्या उद्यमनगरात फेरी मारली, तर एखाद्या गॅरेजच्या दारात सुटी केलेली जुनी जावा किंवा येझदी अजूनही दृष्टीस पडते. टाकी उतरवून भिंतीला टेकवलेली, ब्लॉक रॉकेलमध्ये भिजत घातलेला, पिस्टन वर्तमानपत्रावर ठेवलेला. कारखाना बंद होऊन पंचवीसहून अधिक वर्षे झाली, तरी ही इंजिने दुरुस्त होतात आणि पुन्हा रस्त्यावर येतात. टाकीवरच्या ‘जावा’ या नावातले पहिले अक्षर ज्यांच्या आडनावाचे, त्या फ्रांतिशेक यानेचेक यांना खरे तर हे असले इंजिन बनवायचेच नव्हते. त्यांनी ते बनवले नसते, तर आज शाहूपुरीत उघडायला काही उरलेही नसते.

यानेचेक कोण होते?

यानेचेक यांचा जन्म २३ जानेवारी १८७८ चा. गाव पूर्व बोहेमियातले क्लाश्टर नाद द्येदिनोऊ, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातले. तंत्रशिक्षण प्रागमध्ये झाले, नोकरीच्या निमित्ताने काही काळ नेदरलँड्समध्ये गेला. तिथून परतल्यावर स्वतःचे यंत्रकामाचे दुकान काढले. त्यांचा पिंड संशोधकाचा होता, एखादी वस्तू हातात आली की ती अधिक चांगली कशी होईल हे पाहण्याचा. पहिल्या महायुद्धाने त्यांच्या या स्वभावाला शस्त्रांच्या कामाला जुंपले. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला आणि नव्या देशाच्या नव्या सैन्याला शस्त्रे हवी होती. यानेचेक यांनी तयार केलेला हातबॉम्ब त्या सैन्याने स्वीकारला. प्रागमध्ये त्यांचा शस्त्रकारखाना उभा राहिला तो त्या पैशावर. गावोगावच्या चाहत्यांना लाडक्या असलेल्या या दुचाकीची मुळे हातबॉम्बमध्ये आहेत, हे ऐकायला विचित्र वाटते, पण तसे ते आहे.

दुचाकीकडे का वळावे लागले?

शांतता टिकू लागली तशा सरकारी ऑर्डर आटल्या. विसाच्या दशकाच्या अखेरीस यानेचेक यांच्याकडे चांगली यंत्रे होती, हुशार कामगार होते आणि काम नव्हते. त्याच सुमारास जर्मनीतील वांडरर कंपनी आपल्या ५०० सीसी मोटारसायकलीच्या निर्मितीतून बाहेर पडत होती. यानेचेक यांनी तिचा परवाना घेतला. यानेचेकमधली पहिली दोन अक्षरे आणि वांडररमधली पहिली दोन, यांतून ‘जावा’ हे नाव जुळले. इंडोनेशियाच्या बेटाशी त्याचा संबंध नाही. चेक भाषेत या अक्षराचा उच्चार ‘य’ होतो, म्हणून त्यांच्या देशात गाडीला ‘यावा’ म्हणतात. आपण वाचले रोमन लिपीप्रमाणे आणि बोललो ‘जावा’.

१९२९ मध्ये आलेली ही पहिली जावा दिमाखदार होती. इंजिन फोर-स्ट्रोक, व्हॉल्व्ह डोक्यावर, मागच्या चाकाला साखळीऐवजी शाफ्ट, दाबलेल्या पत्र्याची चौकट. किंमतही तशीच भारी. त्यात यंत्रात खोड्या निघाल्या आणि त्या दुरुस्त करण्यात पैसा गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि मंदीची लाट युरोपात पोहोचली. ही गाडी जेमतेम हजारभर विकली गेली.

टू-स्ट्रोकचा निर्णय कसा झाला?

इथे यानेचेक यांचा मोठेपणा दिसतो. स्वतःची आवडती गाडी फसली आहे, हे मान्य करायला त्यांनी फार वेळ लावला नाही. जॉर्ज विल्यम पॅचेट या इंग्रज शर्यतपटू-अभियंत्याला त्यांनी बोलावून घेतले आणि गिऱ्हाइकाला परवडेल अशी हलकी गाडी करायचे ठरले. पॅचेट यांनी इंग्लंडच्या व्हिलियर्स कंपनीचे १७५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन निवडले. १९३२ मध्ये ही गाडी बाजारात आली आणि पहिल्याच वर्षी तीन हजारांवर विकली गेली. पुढे तिचा एकूण आकडा २७ हजारांच्या पुढे गेला. कंपनी वाचली.

टू-स्ट्रोक त्या काळी फारसे प्रतिष्ठित इंजिन नव्हते. जोसेफ डे या इंग्रज अभियंत्याने १८९१ मध्ये त्याचे साधे रूप पेटंट केले होते. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, ऑइलचा पंप नाही. ब्लॉकच्या भिंतीला भोके असतात आणि वर-खाली जाणारा पिस्टनच ती उघडतो-झाकतो. हलणारे मुख्य भाग तीन : पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. ते धूर करते आणि पेट्रोलही वाया घालवते, पण स्वस्तात बनते. आडोल्फ श्न्यूर्ले या जर्मन अभियंत्याने भोकांची दिशा बदलून ताजे मिश्रण ब्लॉकमध्ये वळसा घेईल अशी सोय केली आणि हा अपव्यय बराच कमी झाला. १९३० च्या दशकाच्या मध्यावर जावाच्या २५० सीसी इंजिनात हीच पद्धत आली.

मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि कारखाना त्यांच्या लष्करी कामाला लागला. दुचाकी बनवणे थांबले. तरीही जावाच्या अभियंत्यांनी लपूनछपून नव्या २५० सीसी गाडीवर काम चालू ठेवले. पकडले गेले असते तर शिक्षा काय झाली असती, याची कल्पना त्यांना होती. यानेचेक यांनी ती गाडी पूर्ण झालेली पाहिली नाही. ४ जून १९४१ रोजी, व्यापलेल्या देशातच त्यांचे निधन झाले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ‘पेराक’ या नावाने ती जगापुढे आली. मागच्या चाकाला स्प्रिंग असल्याने हे नाव पडले. युद्धकाळात प्रागच्या छपरांवरून उड्या मारत जर्मनांना चकवणाऱ्या एका काल्पनिक ‘स्प्रिंगवाल्या’च्या कथाही याच नावाने सांगितल्या जात, तो भाग वेगळा. तोवर कारखाना सरकारी झाला होता आणि संस्थापकाच्या कुटुंबाकडे नावापुरते नावच उरले होते.

भारतात, कोल्हापुरात ती कशी आली?

आयडियल जावा या कंपनीने १९६१ मध्ये म्हैसूरमध्ये जावाचे उत्पादन सुरू केले. सत्तरच्या दशकात गाडीचे नाव ‘येझदी’ झाले, इंजिनाचा गाभा तोच राहिला : एकच सिलिंडर, बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, पण सायलेन्सर दोन. हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. यानेचेक यांनी आधी जे करून पाहिले होते तिकडेच गाडी वळली, असे गमतीने म्हणता येईल.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही मूळची गुळाची व्यापारपेठ, १८९१ मध्ये आलेल्या रेल्वेच्या आधाराने वाढलेली. शेजारच्या उद्यमनगरात लेथ, फाउंड्री आणि ऑइल इंजिनांचे कारखाने उभे राहिले. ज्या गावात इंजिनाचा भाग ओतला जातो आणि कातलाही जातो, तिथे कंपनीचा सुटा भाग मिळत नाही म्हणून गाडी भंगारात घालण्याची घाई कोणी करत नाही.

झिजलेल्या इंजिनाचा दोष कसा ओळखतात?

चांगला मिस्त्री आधी पाना उचलत नाही, किक मारतो. जावाची किक म्हणजे गिअरचाच दांडा, आत दाबून वर वळवलेला. तो पायाखाली लोण्यासारखा गेला, तर कॉम्प्रेशन गेले आहे. मग गाडी चालू करून कान आणि नाक लावायचे. वरच्या बाजूने टकटक येत असेल तर पिस्टन ब्लॉकमध्ये सैल झाला आहे किंवा गजन पिनचा बुश गेला आहे. आवाज खालून, जड आणि वजन पडल्यावर वाढणारा असेल, तर कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग झिजले आहे.

टू-स्ट्रोकमधली खरी फसवणूक क्रँकच्या ऑइल सीलची. यात क्रँकचे चेंबरही पंपाचे काम करते. पिस्टन वर गेला की चेंबर मिश्रण ओढते, खाली आला की वर ढकलते. म्हणून ते हवाबंद हवे. क्लचच्या बाजूचे सील गळू लागले की चेंबर क्लचकडचे ऑइल ओढते आणि पांढरा धूर काही केल्या थांबत नाही. डायनॅमोच्या बाजूचे गेले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन भणभणत राहते आणि तापून एक दिवस सीज होते. अनुभव नसलेला माणूस अशा वेळी कार्बोरेटर दहा वेळा उघडतो. गाडी नुसतीच दम टाकत असेल, तर सायलेन्सर आणि ब्लॉकच्या भोकांत कार्बन साचला आहे का, हे आधी पाहावे. कित्येकदा दुखणे तेवढेच असते आणि इंजिन उघडण्याचा खर्च वाचतो.

उघडलेच तर पिस्टन सगळे सांगतो. सायलेन्सरकडच्या अंगाला उभे ओरखडे असले तर गाडी कोरडी किंवा फार तापलेली चालली. रिंगच्या खाली तपकिरी डाग असले तर गॅस खाली निसटत होता. ब्लॉकचे माप वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी घेतात, कारण तो गोल झिजत नाही, लंबगोल होतो. मग रिबोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन बसवतात. पिस्टन अॅल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर पिस्टन जास्त फुगतो, म्हणून दोघांत साधारण केसाच्या जाडीएवढी फट लागते. गिऱ्हाइकाला घट्ट बसवलेले आवडते, आणि घट्ट बसवलेलेच इंजिन सीज होते. रिबोअरनंतर भोकांच्या कडा घासून बोथट करणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ते राहिले तर धारदार कडेत रिंग अडकून तुटते आणि नवा ब्लॉक पहिल्याच दिवशी खरवडून निघतो. क्रँकचे काम वेगळे : पिन दाबून बाहेर काढायची, नवा रॉड बसवायचा आणि दोन्ही बाजू डायलवर फिरवून सरळ करायच्या. हे फक्त डोळ्याच्या अंदाजावर होत नाही. ते प्रेस आणि लेथ असलेल्या दुकानातच द्यावे, आणि सील तेव्हाच बदलून घ्यावेत, कारण त्यांच्यासाठी पुन्हा सगळे इंजिन फोडावे लागते.

जोडणी झाली की पहिले काही शे किलोमीटर गाडी हळू चालवायची, पेट्रोलमध्ये ऑइल थोडे जास्त घालून, अधूनमधून थांबून ब्लॉक थंड होऊ देत. रंकाळ्यापर्यंत फेरी ठीक आहे. पन्हाळ्याचा चढ तोवर नको.