स्वर बापूरावांचा, चित्र कोणाचे?

कै. दत्तात्रेय विष्णु पलुसकर, संगीताच्या जगात ज्यांना बापूराव म्हणत, ते आपल्या नाशिकचे. २८ मे १९२१ रोजी त्यांचा जन्म येथे झाला. वर्गात चौघांना मी पलुसकर कोण म्हणून विचारले, तर चौघांनीही त्यांच्या वडिलांचीच माहिती सांगितली.

मला हा प्रश्न पडायला एक कारण घडले. आमच्या संगीत मंडळाच्या संगणकावरील गाण्यांचा संग्रह नीट लावण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. प्रत्येक गाण्याला गायकाचे नाव, राग, साल आणि मुखपृष्ठाचे चित्र जोडायचे, म्हणजे मोबाईलवर गाणे लागले की ते चित्र दिसते. बाकीच्यांचे काम भराभर उरकले. पलुसकरांपाशी मात्र हात थांबला, आणि का थांबला हे कळायला त्यांचे आयुष्यच पाहावे लागले.

वडील पंडित विष्णु दिगंबर. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले आणि १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे मुंबईत संस्थेचा व्याप वाढला, तसे कर्जही वाढले, आणि इमारत लिलावात गेली. अखेरच्या काळात नाशिकला रामनाम आधाराश्रम काढून ते रामभक्तीत रमले. १९३१ साली ते वारले, तेव्हा मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. एवढे मोठे नाव आणि एवढे लहान वय! वडिलांच्याच शिष्यांनी, विनायकबुवा पटवर्धन व नारायणराव व्यास यांनी, पुढे त्याला तयार केले. १९३५ साली जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात तो गायला, तेव्हा चौदा वर्षांचा होता.

बापूरावांची पहिली ध्वनिमुद्रिका १९४४ ची. त्या काळची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे वाजे. तेवढ्यात अख्खा राग उभा करायचा! श्री काय किंवा गौडसारंग काय, बापूरावांच्या गळ्यात तो घाईत आहे असे कधी वाटत नाही. मला तर यातच त्यांची खरी थोरवी वाटते. लांबलचक मैफल रंगवणारे पुष्कळ असतात. पण या तबकडीला मुखपृष्ठ नसे. साधी कागदी पिशवी, मध्ये गोल भोक, आणि त्या भोकातून दिसणारे लेबल. चित्र असलेच तर भोंग्यापाशी कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे. गायकाचे तिथे फक्त नाव.

संगणकावर मुखपृष्ठे आपोआप शोधून आणणारा प्रोग्रॅम असतो. पलुसकर या नावावर त्याने वडिलांचे चित्र आणले आणि मुलाच्या भजनांना चिकटवून दिले. त्याचा तरी काय दोष? वडिलांची चित्रे सगळीकडे आहेत. १९७३ साली त्यांचे टपाल तिकीटही निघाले. १९५२ च्या 'बैजू बावरा'तील जुगलबंदीचे त्याहून वेगळे. त्यात उस्ताद अमीर खाँ तानसेनासाठी गायले आणि बापूराव बैजूसाठी. खाँसाहेब वयाने नऊ वर्षांनी मोठे, पण कथेप्रमाणे जिंकतो बैजू. पडद्यावर मात्र भारतभूषण, आणि गाण्याच्या फाईलवरही तोच.

मित्र म्हणाला, गाणे तेच आहे ना, चित्र कुठलेही चालेल. मला ते पटेना. माझे आजोबा गावच्या भजनात पखवाज वाजवीत. त्यांचा एकही फोटो घरात नाही. म्हणून दुसऱ्या कुणाचा फोटो भिंतीवर लावून त्याला हार घालायचा काय?

एमपीथ्री फाईलच्या पोटात माहितीचा एक कप्पा असतो, त्याला आयडीथ्री टॅग म्हणतात. त्यात चित्रांचे एकवीस प्रकार ठरलेले आहेत: मुखपृष्ठ, कलावंत, तबकडीचे लेबल इत्यादी. (एक प्रकार चक्क रंगीत माशाचा आहे! तो कशासाठी, देव जाणे.) मी ठरवले की ७८ फेऱ्यांच्या गाण्यांना लेबलाचाच फोटो द्यायचा, आणि तोही लेबलाच्याच जागी. मुखपृष्ठ नव्हते, तर ते दाखवायचे नाही. सिनेमाच्या गाण्याला सिनेमाचे चित्र राहू दिले, पण गायकाच्या रकान्यात दोघांची नावे पुरी लिहिली.

उरल्या मोठ्या तबकड्या. १९५५ साली बापूराव सांस्कृतिक मंडळाबरोबर चीनला जाऊन आले आणि त्याच ऑक्टोबरात मेंदूज्वराने मुंबईत वारले. वय चौतीस. रंगीत मुखपृष्ठाच्या लाँगप्ले तबकड्या आपल्याकडे रुळल्या त्या यानंतर. म्हणजे ज्या मुखपृष्ठांवर त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत आहे, त्यांतले एकही त्यांनी पाहिले नाही. आकाशवाणीवरची गाणी तर आणखी उशिरा कॅसेट आणि सीडीवर आली. प्रोग्रॅम प्रकाशनाचे साल धरतो, त्यामुळे यादीत बापूराव मृत्यूनंतरही वर्षानुवर्षे गात राहिलेले दिसतात. मुखपृष्ठे मी तशीच ठेवली. साल मात्र प्रत्येक फाईलमध्ये मुद्रणाचे घालतो आहे. जिथे ते सापडत नाही, तिथे रकाना कोरा ठेवतो. सध्या माझे काम मल्हारापर्यंत आले आहे.