ज्ञातिकन्या डॉ. रखमाबाई

पनवेलच्या बैलगाडीच्या चाकांचा लौकिक एके काळी थेट देशावर पोचलेला होता. माल घेऊन घाट उतरलेला गाडीवान परत जाताना येथून चाकांची जोडी घेऊन जात असे. त्या कारागिरीचे वारस म्हणवून घेताना आम्हांस धन्यता वाटते व ती योग्यच आहे. परंतु ज्ञातीच्या अभिमानाची स्थाने मोजताना खाडीपलीकडील मुंबईत, आपल्याच सुतार समाजात जन्मलेल्या डॉ. रखमाबाईंचे नाव बहुधा आपल्या ओठांवर येत नाही. म्हणून स्मरणिकेच्या या अंकात त्यांचे अल्पचरित्र सादर करीत आहोत.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग निवर्तले. आपल्या ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहास मज्जाव नव्हता; त्यामुळे मातोश्री जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. डॉक्टरसाहेब वनस्पतिशास्त्राचे जाणते व सुधारक वृत्तीचे गृहस्थ. मुलीची विद्येची आवड त्यांनी जोपासली. पुनर्विवाहाच्या बाबतीत पांढरपेशा ज्ञातींच्या पुढे असलेला आपला समाज बालविवाहाच्या बाबतीत मात्र त्यांच्याच पंक्तीस बसलेला होता, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वयाच्या ११ व्या वर्षी रखमाबाईंचा विवाह १९ वर्षांच्या दादाजी भिकाजींशी लावून देण्यात आला.

त्या सासरी नांदावयास कधीच गेल्या नाहीत. दादाजींचे शिक्षण सुटलेले, प्रकृती क्षीण व वास्तव्य मामाच्या आश्रयाने. १८८४ साली त्यांनी पत्नीने आपल्या घरी यावे म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंचे म्हणणे असे की, समज येण्यापूर्वी व आपली संमती न घेता झालेला विवाह आपणांस बंधनकारक मानता येणार नाही. आज हे म्हणणे साधे वाटते. त्या काळी ते घराघरांत वणव्यासारखे पसरले.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नसून विलायतेच्या कायद्यातून येथे आलेला आहे, आणि जी पतिपत्नी कधी एकत्र राहिलीच नाहीत त्यांस तो लागू करता येत नाही, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. धर्मरक्षणाच्या आवेशाने रखमाबाईंवर तुटून पडलेल्या पत्रकर्त्यांनी, आणि त्यांत 'केसरी'ही होता, ही गोष्ट ध्यानी घेतली नाही याचे आम्हांस नवल वाटते. खुद्द विलायतेत अशा दाव्यातील कारावास १८८४ सालीच रद्द झालेला होता!

अपिलात तो निर्णय फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, रखमाबाईंनी एका महिन्यात पतिगृही जावे, न गेल्यास सहा महिने कारावास भोगावा. रखमाबाई पळाल्या नाहीत, लपल्या नाहीत, न्यायासनाचा अवमान होईल असे काही केले नाही. हुकूम पाळणार नाही आणि शिक्षा भोगीन, एवढेच त्यांनी उघडपणे कळविले. सत्याग्रह हा शब्द रूढ होण्यास तेव्हा सुमारे वीस वर्षांचा अवकाश होता. पाठीराखे डॉ. सखाराम अर्जुन १८८५ सालीच वारले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या बावीस वर्षांच्या मुलीचे धैर्य कळते. बेहरामजी मलबारींसारख्या सुधारकांनी साहाय्य केले खरे. पण तुरुंगात जायचे होते ते तिलाच. अखेर जुलै १८८८ मध्ये २,००० रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची बजावणी सोडून दिली.

पुढे रखमाबाई १८८९ साली विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या व १८९४ साली ब्रुसेल्स येथून एम. डी. झाल्या. सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सुमारे ३५ वर्षे सेवा केली. पुनर्विवाह केला नाही.

त्यांच्या खटल्याने पेटलेल्या वादातूनच पुढे १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला, आणि मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ वर आले. वैवाहिक हक्कांच्या दाव्यातील कारावास १९२३ साली गेला. मालमत्ता जप्तीची तरतूद मात्र राहिली. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने १४ व्या कलमाने कायद्यापुढे समानता दिली, १५ व्या कलमाने लिंगभेदास मनाई केली व स्त्रियांसाठी विशेष तरतुदी करण्याची मुभा शासनास दिली. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा झाला आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई मुंबईत निवर्तल्या. त्या कायद्याने द्विभार्या प्रथा बंद केली, घटस्फोटाची वाट मोकळी केली. पण ज्या दाव्याने रखमाबाईंस तुरुंगाच्या दारापर्यंत नेले, तो त्याच्या नवव्या कलमात, पतीस व पत्नीस सारखाच हक्क म्हणून, पुन्हा येऊन बसला. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले.