राजा रविवर्मा : चित्रांचा कारखाना आणि धाकट्या भावाची रोजनिशी

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वाशीच्या बाजारपेठेतील एखाद्या जुन्या दुकानात डोकावावे. नव्या चोपड्या पाटावर मांडलेल्या असतात, त्यांवर कुंकवाचे स्वस्तिक असते आणि वर भिंतीवर कमळात उभी राहिलेली चतुर्भुज लक्ष्मी असते. ते चित्र मूळचे कोणाचे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. लक्ष्मीचे हे रूप ज्यांनी आपल्या समाजाच्या डोळ्यांत कायमचे ठसविले, त्या राजा रविवर्मा यांची स्वतःची चोपडी मात्र कधी जुळली नाही. लक्ष्मीची चित्रे घरोघर पोहोचविण्यासाठी त्यांनी काढलेला छापखाना कर्जात रुतला आणि अखेर त्यांच्या हातून गेला.

कलावंताला व्यवहार कळत नाही, असे एक तयार उत्तर अशा प्रसंगी आपल्याकडे दिले जाते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते स्वीकारू नये. कोणताही धंदा का बुडाला हे ताळेबंदावरून कळते. परंतु तो काढताना मालकाच्या मनात कोणते स्वप्न होते, आणि बुडण्याच्या आधी कितीतरी दिवस कोणती भीती त्याला छळत होती, हे ताळेबंद सांगत नाही. किर्दीत आणि खतावणीत भीतीचे खाते नसते. सुदैवाने रविवर्मा यांच्या बाबतीत ते दुसरे खातेही उपलब्ध आहे. त्यांनी स्वतः ते लिहिले नाही. लिहिले त्यांचे धाकटे बंधू सी. राजा राजवर्मा यांनी, १८९५ ते १९०४ या काळातील आपल्या इंग्रजी रोजनिशीत. ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध होण्यास २००५ साल उजाडावे लागले.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. चित्रकलेचे पहिले धडे मामांकडून मिळाले. बालवयातच ते तिरुवनंतपुरमच्या दरबारात दाखल झाले. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार तेथे आला, तेव्हा तैलरंगांची विद्या त्यांना बव्हंशी दुरून पाहूनच उचलावी लागली. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले, त्याच वर्षी व्हिएन्नालाही त्यांचे चित्र गौरविले गेले, आणि पुढे संस्थानिकांकडून व गोऱ्या अधिकाऱ्यांकडून मागण्यांचा ओघ सुरू झाला. हा सर्व इतिहास परिचित आहे, त्यात अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस म्हणजे सर टी. माधवराव. तंजावरकडील मराठी घराण्यातला हा मुत्सद्दी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचा दिवाण झाला. रविवर्मा यांच्या चित्रांना असलेली मागणी दोन हातांनी पुरी होणे शक्य नाही, हे या अनुभवी प्रशासकाने ओळखले. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापवून घ्याव्यात, असा सल्ला त्यांनी १८८४ च्या सुमारास पत्राने दिला. दिवाणाने चित्रकाराला दिलेला हा सल्ला खरे पाहता उत्पादनाच्या अर्थशास्त्राचाच होता. दहा वर्षे तो तसाच पडून राहिला.

मधल्या काळात बडोद्याचे मोठे काम झाले. सयाजीराव गायकवाडांनी १८८८ मध्ये चौदा पौराणिक चित्रे सांगितली आणि त्यांसाठी ५०,००० रुपये मोबदला ठरला. पौराणिक स्त्रियांना कोणता वेष द्यावा, या विचाराने दोघे भाऊ हिंदुस्थानभर हिंडले. बडोद्याला रवाना होण्यापूर्वी ती चित्रे मुंबईत लोकांना पाहावयास ठेविली गेली, तेव्हा त्यांभोवती गर्दी लोटली. ज्यांना राजवाड्याच्या दिवाणखान्यात कधीही प्रवेश मिळाला नसता असे लोक नळ-दमयंती पाहण्यास आले होते. माझ्या मते छापखान्याच्या स्वप्नाचा खरा आरंभ तेथे आहे. चित्राचा ग्राहक राजाच असला पाहिजे असे नाही, तो कारकूनही असू शकतो, हे चित्रकाराने त्या गर्दीत प्रत्यक्ष पाहिले.

१८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला. गोवर्धनदास खटाव मखनजी हे भागीदार होते. यंत्रे जर्मनीची होती, कारागीरही तिकडूनच आणले होते. पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे निघाले. अशा प्रकारची चित्रे छापणारे आपल्याकडे रविवर्मा हे पहिले नव्हेत. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात चित्रशाळा १८७८ मध्येच काढली होती, आणि कलकत्त्यातही त्याच सुमारास असा उद्योग उभा राहिला होता. स्वतः चित्रकाराने मालक होणे, आपल्या चित्राच्या लाखो प्रतींची जबाबदारी आपल्याच डोक्यावर घेणे, ही मात्र नवी गोष्ट होती.

ती जबाबदारी किती मोठी होती हे समजण्यासाठी शिळाछपाईची रीत थोडी पाहिली पाहिजे. बव्हेरियातील खाणींतून येणारा गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यावयाचा, त्यावर तेलकट शाईने आकृती उतरवावयाची. दगड ओला केला की पाणी कोऱ्या भागावर राहते आणि शाई आकृतीवर. एका दगडाने एकच रंग उठतो. म्हणजे चित्रात जितके रंग, तितके दगड, आणि तितक्या वेळा तोच कागद यंत्राखालून गेला पाहिजे. एखादा रंग केसभर सरकला तर आधीचे सारे श्रम आणि कागद वाया. पहिली प्रत निघेपर्यंत खर्च अवाढव्य होतो, त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीला तो अगदी अल्प लागतो. असा धंदा प्रचंड खपावरच तरतो. खप वाढवावयाचा तर गावोगावच्या विक्रेत्यांना माल उधार द्यावा लागतो आणि खेळते भांडवल त्यांच्याकडे अडकून पडते. इकडे कारागिरांचे पगार मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावेच लागतात. शिवाय लोकप्रिय चित्राची नक्कल करून स्वस्तात विकणारे टपलेलेच होते. मूळ चित्र काढण्याचा खर्च त्यांना नव्हता.

आणि काळ तरी कसा! १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि मुंबई ओस पडू लागली. त्याच वर्षी दुष्काळ पडला, आणि १८९९-१९०० चा दुष्काळ त्याहून भयंकर होता. पोटाला अन्न नाही तेथे भिंतीला चित्र कोण घेणार? भागीदारी टिकली नाही. १८९९ मध्ये छापखाना मुंबईबाहेर, लोणावळ्याजवळ मळवलीला, कार्ले-भाजे लेण्यांच्या परिसरात हलविण्यात आला. जड यंत्रे आणि त्याहून जड दगड घाटावर चढविणे हा खर्चही डोक्यावरच्या कर्जात पडला.

या सर्व वर्षांत राजा राजवर्मा रोजनिशी लिहीत होते. ते रविवर्मांहून बारा वर्षांनी लहान, स्वतः उत्तम निसर्गचित्रकार. थोरल्या भावाला इंग्रजी बेताचेच येत असल्यामुळे पत्रव्यवहार, करारमदार, प्रवासाची व्यवस्था आणि छापखान्याची देखरेख हे सर्व यांच्याकडे होते. रोजनिशीची शैली कोरडी आहे. कोणाचे व्यक्तिचित्र कोठवर आले, कोण भेटावयास आले, कोणते नाटक पाहिले, प्रकृती कशी आहे, अशा नोंदी दिवसामागून दिवस येतात. काढलेल्या चित्रांविषयी लिहिताना लेखणीतून वारंवार उतरतो तो ‘आम्ही’ हा शब्द. जगाच्या दृष्टीने चित्रकार एकच होता, रोजनिशीच्या पानावर मात्र दोघे आहेत. आणि या नोंदींच्या मधून पुनःपुन्हा वर येतो तो छापखाना, त्याची देणी, त्याच्या कटकटी आणि त्यातून मोकळे कसे व्हावे हा घोर.

माझ्या दृष्टीने या रोजनिशीचे मोल येथे आहे. बाहेर रविवर्मा हे नाव दुमदुमत होते. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात पारितोषिके मिळाली होती, दरबारांतून सन्मानाने आमंत्रणे येत होती. अशा माणसाने आपला धंदा अडचणीत आहे हे चारचौघांत बोलणे शक्य नसते. बोलले तर सावकार सावध होतो, विक्रेता माल उचलीत नाही, कारागीर दुसरी नोकरी पाहू लागतो. धंद्यात पत हेच भांडवल, आणि पत तर धैर्याचा मुखवटा मागते. मग भीती जाणार कोठे? ती धाकट्या भावाच्या वहीत जाऊन बसली. ज्या पानावर नव्या चित्राच्या कल्पनेचा आनंद, त्याच्या मागे-पुढेच छापखान्याचे ओझे. दोन्ही एकाच हस्ताक्षरात असल्यामुळे एकाने दुसऱ्याला झाकून टाकणे शक्य होत नाही.

भीती कागदावर उतरविल्याने कर्ज फिटत नाही, हे उघड आहे. छापखाना वाचला नाहीच. तरी रोजनिशी वाचताना एक गोष्ट दिसते. चित्रकला आणि छापखाना हे दोन निराळे व्यवसाय आहेत, आणि पहिल्याची कमाई दुसरा खात आहे, ही जाणीव त्या पानांतून हळूहळू स्पष्ट होत जाते. ताळेबंदात नफा-तोट्याची अखेर एकच बेरीज असते. रोज थोडे लिहिणाऱ्याला मात्र आपला जीव कोठे रमतो आणि कोठे गुदमरतो, याचा निराळा हिशेब आपोआप मिळत जातो.

आमच्याकडे वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या वर्गांतून आम्ही प्रकल्प-अहवाल कसा लिहावा हे शिकवितो. वाशीसारख्या तालुक्याच्या गावी छायाचित्रांचा स्टुडिओ, मंडपाची सजावट, फलक रंगविणे वा छापणे, वाद्यवृंद, असा काही उद्योग काढू पाहणारी मुले आता पुष्कळ आहेत. बँकेच्या नमुन्यात यंत्रसामग्रीची किंमत लिहिण्यास रकाना असतो, अपेक्षित उलाढालीला असतो, तारणालाही असतो. सोयाबीनच्या दोन हंगामांत पाऊस रुसला तर लग्नाचे मंडप कोण घालणार, ही रात्री झोप उडविणारी शंका लिहिण्यास रकाना नसतो, आणि बापाच्या नावावरील जमीन गहाण पडते आहे हे तारणाच्या रकान्यात केवळ एका आकड्याने दिसते. मग ती शंका कोठेच लिहिली जात नाही. अर्जात सर्वत्र आत्मविश्वास असतो, कारण अर्ज आत्मविश्वासच मागतो. राजा राजवर्मा यांनी आपल्या शंका कोणा बँकेसाठी लिहिल्या नव्हत्या, म्हणूनच त्या खऱ्या आहेत.

नव्या शतकाच्या आरंभी मळवलीचा छापखाना त्याच्याच एका जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लायशर याने, विकत घेतला. तेच दगड, तीच यंत्रे, तीच लक्ष्मी, आणि धंदा मात्र चालला. श्लायशरने रविवर्मांची चित्रे छापणे चालू ठेवले, इतरांकडून नवी चित्रे करवून घेतली (आपल्या धुरंधरांची चित्रेही या छापखान्यातून निघाली), आणि त्याचबरोबर व्यापारी मालाची लेबले व जाहिराती छापण्याचे काम घेतले. माझ्या मते खरा फरक या शेवटच्या कामाने पडला. लेबल छापण्यात कीर्ती नाही, परंतु ती मागणी ठरलेली असते, पैसा लवकर मोकळा होतो आणि यंत्र रिकामे राहत नाही. रविवर्मा यांना हे सुचले नसेल असे मला वाटत नाही. देवादिकांना घराघरांत नेण्यासाठी ज्याने सर्वस्व पणाला लावले, त्याला त्याच यंत्रावर बाटल्यांची लेबले काढणे मनातून रुचले नसावे, इतकेच. ज्याला ते स्वप्न नव्हते त्याला ते सहज जमले. व्यवहारज्ञानाचा अभाव म्हणून आपण जे झटकून टाकतो, ते पुष्कळदा एखादी गोष्ट न करण्याचा हट्ट असतो, आणि त्या हट्टाचीही किंमत मोजावी लागते.

पुढे मळवलीच्या याच छापखान्यासाठी दादासाहेब फाळके यांनीही काही काळ काम केले, आणि देवकथा घरोघर नेण्याचे स्वप्न कागदावरून पडद्यावर गेले. १९७२ च्या आगीत तो छापखाना नष्ट झाला.

छापखान्याच्या पाशातून सुटल्यावर दोघा भावांनी पुन्हा पूर्ण वेळ कुंचला हाती घेतला. १९०४ मध्ये रविवर्मांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले आणि म्हैसूरच्या राजवाड्यासाठी नऊ पौराणिक चित्रांचे काम आले. १९०५ च्या आरंभी राजा राजवर्मा वारले, वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. थोरल्या भावाला मधुमेहाने पोखरले होते. म्हैसूरच्या कामाला त्यांना आता त्या जोडीदाराविनाच भिडावे लागले. पावणेदोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९०६ रोजी, त्रावणकोरातच त्यांचे निधन झाले. त्या पावणेदोन वर्षांची रोजनिशी नाही. ती लिहिणारा हातच उरला नव्हता.