जोसेफ आर्नोल्ड
जोसेफ आर्नोल्ड (इ.स. १७८२, बेकल्स, इंग्लंड – जुलै १८१८, पाडांग, सुमात्रा) हे ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्य व निसर्ग-अभ्यासक होते. जगातील सर्वांत मोठे एकल फूल, रॅफ्लेशिया आर्नोल्डी, त्यांच्या नावाने ओळखले जाते.

एडिंबरा विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेऊन ते नौदलात होते. १८१५ मध्ये ऑस्ट्रेलियाहून परतताना बटाव्हिया येथे त्यांचे जहाज जळाले. जावातील त्या मुक्कामात स्टॅमफर्ड रॅफल्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पुढे रॅफल्स सुमात्रातील बेंकुलेन येथे अधिकारी म्हणून गेले, तेव्हा आर्नोल्ड त्यांच्यासोबत होते.

मे १८१८ मध्ये मन्ना नदीकाठच्या जंगलात एका मलायी नोकराने आर्नोल्ड यांना हाक मारून हे फूल दाखविले. त्यास पान नव्हते, खोडही नव्हते. एका वेलीच्या मुळावर ते थेट उमललेले होते. रुंदी सुमारे एक वार, वजन अंदाजे १५ पौंड, दुर्गंध सडक्या मांसाचा आणि भोवती माश्यांचा थवा. सोबत साक्षीदार नसते, तर ही मापे सांगण्याचे धाडस आपण केले नसते, असे त्यांनी पत्रात नमूद केले.

ते पत्र अपुरेच राहिले. तापाने आर्नोल्ड यांचे अवघ्या दोन महिन्यांत निधन झाले. रॅफल्स यांनी पत्र पूर्ण करून ते जोसेफ बँक्स यांना पाठविले. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० मध्ये लिनियन सोसायटीपुढे या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन सादर केले. प्रजातीच्या नावात रॅफल्स आले, जातीच्या नावात आर्नोल्ड. फूल प्रथम पाहणाऱ्या नोकराला मात्र त्यात स्थान मिळाले नाही.