वीस शिलिंगांचा खटला

जॉन हॅम्पडेन हा बकिंगहॅमशायर परगण्यांतील बडा जमीनदार. ऑलिव्हर क्रॉमवेल त्याचा मामेभाऊ. पहिल्या चार्ल्स राजानें सक्तीचें कर्ज मागितलें, तें नाकारून त्यानें १६२७ सालीं बंदिवास पत्करला.

१६२९ सालीं पार्लमेंट मोडून राजानें अकरा वर्षें एकट्यानें कारभार हांकला. पैसा तर हवा. मग जुन्या दप्तरांतून जहाजपट्टी उकरून काढण्यांत आली. युद्धप्रसंगीं बंदरांनीं जहाजें पुरवावीं, एवढाच मूळ प्रघात. १६३५ पासून ती ऐन शांततेंत, समुद्र कधीं न पाहिलेल्या गांवांवरहि बसली! हॅम्पडेनच्या स्टोक मँडेव्हिल येथील जमिनीवर वीस शिलिंग आकारले गेले. ते त्याला जड नव्हते. परंतु संमतीवांचून खातें एकदां उघडलें, कीं पुढचा आंकडा कोण घालतो, हें व्यापाऱ्यांस सांगावयास नको. त्यानें पट्टी भरली नाहीं.

बारा न्यायाधीशांपुढें खटला चालून १६३८ सालीं निकाल लागला : सात राजाकडे, पांच विरुद्ध. ज्यांचें पद राजाच्या मर्जीवर, त्यांतलेच पांच फुटले! पट्टीचा वसूल झपाट्यानें खालावला. असें हरणें आम्हां वकिलांच्या वांट्यास क्वचितच येतें.

१६४० सालीं राजास पार्लमेंट बोलवावेंच लागलें. पुढल्याच वर्षीं त्यानें पट्टी व निवाडा दोन्ही रद्द ठरविलीं. ४ जानेवारी १६४२ रोजीं राजा सशस्त्र लोकांनिशीं पांच सभासदांस पकडावयास सभागृहावर चालून आला. हॅम्पडेन त्या पांचांत होता. पण सर्व आधींच निसटले होते. यादवी पेटली. स्वतः उभारलेल्या पलटणीचा तो नायक झाला, १८ जून १६४३ रोजीं चॅलग्रोव्हच्या मैदानांत जखमी झाला आणि सहा दिवसांनीं थेम गांवीं वारला.